'तुमचं पाणीच बिघडलंय': एका 'तयार' रीफ टाकीचा पंचनामा

रीफ टाकी म्हणजे कोरल आणि समुद्री मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. अशा एका सौद्यात मिळालं ते हे: ६० सेंटिमीटरची टाकी, १२ किलो लाइव्ह रॉक (जीवजंतू वसलेला समुद्री दगड), १० किलो वाळू, समुद्री मिठाच्या दोन पिशव्या, आरओ पाण्याचे कॅन, '१६५ वॅट'चा एलईडी आणि बॅक्टेरियाची बाटली. जिवंत मालात क्लाउनफिशची 'जोडी', एक छोटा ब्लू टँग, एक मँडरिन मासा, दोन कॅटलिना गोबी मासे, एक पिवळाधमक ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आणि कोरलचे चार फ्रॅग, म्हणजे कापून लावलेले तुकडे. सगळं एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून. 'टाकी भरा, बाटली ओता, संध्याकाळी मासे सोडा' एवढीच सूचना. चाळीस दिवसांत विकत घेतलेला एकही जीव उरला नाही, आणि प्रत्येक फोनवर विक्रेत्याचं उत्तर एकच होतं. तुमचं पाणीच बिघडलंय.

हे उत्तर हाच या धंद्यातला खरा डाव आहे. खाऱ्या पाण्यातला जीव दुकानात मरत नाही, दुकानातून निघाल्यावर दहा-वीस दिवसांनी मरतो. तोवर तो तुमच्या पाण्यात राहिलेला असतो, त्यामुळे खापर तुमच्यावर फोडणं सोपं जातं. तुमच्याकडे पहिल्या दिवसाचे आकडे नसतील तर तुम्हाला ते खोडताही येत नाही. म्हणून या सौद्यातल्या वस्तू एकेक करून उलगडल्या आहेत. कुठली वस्तू कशी खोटी होती आणि ती घेतानाच कशी ओळखता आली असती, एवढाच हेतू.

टाकीपासून सुरू करू, कारण इथली लबाडी लहान असली तरी पुढचे सगळे हिशेब तिच्यावर चालतात. ६० × ४५ × ४५ सेंटिमीटर म्हणजे १२१ लिटर, असं सांगून विकली होती. ही मापं बाहेरची. ८ मिलिमीटरची काच दोन्ही बाजूंनी वजा केली की आतून ५८.४ × ४३.४ राहतात. पाणी काठोकाठ भरत नाहीत, ४० सेंटिमीटरपर्यंत भरलं तर १०१ लिटर. त्यातून दगड आणि वाळूने व्यापलेली सात-आठ लिटरची जागा काढली की हातात ९३ लिटर पाणी उरतं. औषधाचा, बफरचा, अमोनियाचा प्रत्येक डोस १२१ लिटरच्या हिशेबाने टाकला की तो ३० टक्के जास्त पडतो.

मिठाचा प्रकार मात्र हातोहात गंडवण्याचा. पारदर्शक पिशव्या, वर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही. 'मोठ्या बादलीतून सुटं करून देतो, स्वस्त पडतं.' घेणाऱ्याने मीठ विरघळवलं, रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणाच्या मीटरने मोजलं, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) आलं, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. आकडा बरोबर, म्हणून तो निश्चिंत झाला. पण रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. निव्वळ साधं मीठ टाकलं तरी तो ३५ दाखवणारच. चांगल्या रीफ मिठात ३५ पीपीटीला कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद, ७ ते ११ डीकेएच मिळते. या पाण्यात कॅल्शियम २०० च्या आसपास आणि मॅग्नेशियम साडेसहाशेच्या आत-बाहेर भरलं. दोन्ही आकडे एकदमच निम्मे आले, तर अर्धं मीठ समुद्री आणि अर्धं साधं, हे उघड आहे. निव्वळ साधं मीठ असेल तर कॅल्शियमच्या किटमध्ये गुलाबी रंग येतच नाही, निर्देशक टाकताच नमुना थेट निळा होतो.

सुटं मीठ अगदी अस्सल असलं तरी घेऊ नये. उघड्या पिशवीत ते हवेतली ओल ओढतं, त्याचे खडे बनतात आणि कॅल्शियम-कार्बोनेटची आतल्या आत गाठ पडते. असं मीठ विरघळवलं की पाणी तासन्‌तास दुधाळ राहतं आणि बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. शिवाय प्रवासात बारीक दाणे खाली जातात, त्यामुळे वरची पिशवी आणि तळाची पिशवी यांचं मिश्रण एकसारखं नसतं. बंद डबा घ्या. मग एक लिटर शून्य टीडीएसच्या, म्हणजे काहीच विरघळलेलं नसलेल्या पाण्यात ३६ ते ३८ ग्रॅम मीठ टाकून चोवीस तास ढवळत ठेवा आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटीची तीनही किट लावून बघा. टाकीत काहीही ओतण्याआधी.

शून्य टीडीएस म्हटलं, पण 'आरओ पाणी' म्हणून आलेल्या कॅनमध्ये टीडीएस मीटर ७० दाखवत होता. पिण्यासाठी हे उत्तम पाणी आहे. रीफसाठी आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा टप्पा लागतो आणि मीटरवर ० यावं लागतं, कारण त्या सत्तरमध्ये सिलिकेट आणि फॉस्फेट असू शकतात. पुढे काचेवर डायटम या तपकिरी शेवाळाचा थर आला तो त्यातूनच. मीटर बोटाएवढा असतो, खिशात मावतो. कॅन गाडीतून उतरवण्याआधीच तो बुडवायचा.

आता दगड. इथे जरा थांबायला हवं, कारण या सौद्यात सगळ्यात मोठी कमाई दगडात होती. लाइव्ह रॉक किलोवर विकला जातो आणि ओला तोलला जातो. दगड सुंदर जांभळे होते. इतके सारखे जांभळे, की तिथेच शंका यायला हवी होती. कोरॅलाइन शेवाळ दगडावर ठिपक्याठिपक्यांनी चढतं, कुठे गुलाबी, कुठे गडद जांभळं, कुठे विटकरी. जिकडे उजेड लागतो तिकडची बाजू आणि खालची बाजू एकसारखी कधीच नसते. खालच्या अंगाला स्पंजचे पांढरे-नारिंगी डाग, पिसासारखे पंख काढणारे बारीक किडे, पांढऱ्या वेटोळ्या नळ्या दिसतात. हे दगड उलटे केले तर तळही तितकाच जांभळा, आणि करंगळी शिरणार नाही अशा भोकाच्या आतही तोच रंग. नखाने खरवडलं तर अस्सल कोरॅलाइनचा कडक पापुद्रा टणटणीत लागतो. इथे नखाखाली रंगाचा मऊ तुकडा आला आणि खाली करडं सिमेंट दिसलं.

व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर अस्सल, असं अनेक जण सांगतात. वाळूसाठी ही चाचणी चालते. ॲरागोनाइट, म्हणजे चुनखडीची समुद्री वाळू, फसफसते, सिलिका वाळू गप्प बसते. (पॅकेजमधली वाळू गप्पच बसली होती.) पण सिमेंटच्या दगडावरही व्हिनेगर फसफसतं, त्यामुळे दगडाच्या बाबतीत या चाचणीवर विसंबू नका. सिमेंट पकडायचं तर पीएच बघा. दगड एका बादलीत खाऱ्या पाण्यात बुडवून, छोटा पंप लावून ४८ तास ठेवा. रीफचं पाणी ७.८ ते ८.४ च्या दरम्यान असतं. नीट न मुरवलेलं सिमेंट पीएच ९ च्या पुढे नेतं. त्याच बादलीत अमोनियाही मोजा. अमोनिया चढला आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर दगडावरचे जीव मेलेले आहेत, तो दगड 'क्युअर' झालेला, म्हणजे मेलेलं सगळं कुजून साफ झालेला नाही. एका बादलीत दोन प्रश्न सुटतात.

कोरडा, पांढरा, रंग न दिलेला दगड घेण्यात काहीच कमीपणा नाही. चांगल्या चांगल्या टाक्या त्याच्यावरच उभ्या आहेत. फसवणूक होते ती कोरडा दगड जिवंत म्हणून विकण्यात.

बाटलीतल्या बॅक्टेरियाबद्दल सरसकट वाईट बोलणं बरोबर नाही. ताज्या, थंड जागी ठेवलेल्या बाटलीने सायकल, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वसण्याची क्रिया, खरोखर लवकर होते. या बाटलीवर मुदतीच्या तारखेवर दुकानाचं स्टिकर होतं आणि ती काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली ठेवलेली होती. बाटली जिवंत आहे की नाही हे वासावरून कळत नाही. त्यासाठी अमोनिया टाकून बघावा लागतो. ९३ लिटरला साधारण ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया २ पीपीएमवर जातो. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट वाढलेलं, असं झालं तर टाकी मासा घेण्यास तयार. नाही झालं तर थांबायचं. कोरड्या दगडावर याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. 'संध्याकाळी मासे सोडा' म्हणणारा तुम्हाला अमोनिया मोजायचं किट विकत नाही, ते उगाच नाही.

माशांची गंमत तर अशी, की चारही जातींमध्ये चार वेगवेगळ्या तऱ्हेची फसवणूक होती.

क्लाउनफिशच्या 'जोडी'चे वेगळे पैसे लावले होते. ऑसेलारिस क्लाउनफिश मादी म्हणून जन्माला येत नाही. गटातला सगळ्यात दांडगा मासा पुढे मादी होतो आणि त्याच्या खालचा नर. जमलेल्या जोडीत मादी डोळ्यांना दिसेल इतकी मोठी असते आणि लहान नर तिच्यासमोर अंग थरथरवून शरणागती देतो. पिशवीतले दोन्ही मासे सारखेच, तीन सेंटिमीटरचे. ही दोन पिल्लं आहेत. आज ना उद्या त्यांची जोडी आपोआप जमेल, त्यासाठी कुणालाही जादा मोजायची गरज नाही. दोन मोठे आणि सारख्या आकाराचे दिले असते तर प्रकरण गंभीर होतं, कारण दोन माद्या एका टाकीत एकमेकींचा जीव घेऊ शकतात.

ब्लू टँग चार सेंटिमीटरचा होता. हा मासा ३१ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. टाकी रुंदीला ४३. पुढे काही सांगायला नको.

मँडरिनची फसवणूक अधिक सफाईदार. तो तासागणिक दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे टिंबाएवढे कवचधारी जीव, टिपत असतो, गोळी किंवा फ्लेक बहुधा तोंडातही धरत नाही. नव्या टाकीत कोपेपॉड नसतातच, आणि रंगवलेल्या सिमेंटवर कुठून येणार? तो लगेच मरत नाही, वाळत जातो. वरून पाहिलं तर डोक्यामागे मान खचलेली दिसते, पोट आत जातं. 'गोठवलेलं खातो' असं सांगणाऱ्याला समोर खायला घालून दाखवायला सांगावं, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी.

कॅटलिना गोबीची गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. लालभडक अंग, त्यावर विजेसारखे निळे पट्टे, लांबी जेमतेम बोटाची. लहान टाकीसाठीच जणू बनवलाय असं वाटतं. पण हा कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यावरचा मासा. २६ अंशांच्या टाकीत तो खातो, फिरतो, छान दिसतो, पण आयुष्य भराभर जळून जातं आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एका सकाळी तो तळाशी सापडतो. अशा माशाला 'बिगिनर' म्हणून विकणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. शेवाळ खायला म्हणून दिल्या जाणाऱ्या मार्गारीटा गोगलगायींचंही हेच, त्याही थंड पाण्यातल्या. नावावर न जाता, हा जीव कुठल्या समुद्रातला आणि किती अंशांच्या पाण्यातला, हे विचारायचं. लॅटिन नाव बिलावर लिहून घ्यायचं. सांगता येत नसेल तर माल परत ठेवायचा.

रोग दडवण्याची युक्ती तर दुकानाच्या पाण्यातच मुरलेली असते. माशांच्या टाक्यांत तांबं सोडलेलं असतं आणि खारटपणा १.०१८ च्या आसपास ठेवलेला असतो. त्यात मीठ वाचतं आणि पांढरे ठिपके दबून राहतात. मासा काचेआड नितळ दिसतो. घरी १.०२६ च्या, तांबं नसलेल्या पाण्यात आला की आठवड्याभरात क्रिप्टोकॅरियन या परजीवीचे मिठाच्या दाण्यासारखे ठिपके उमटतात. मखमलीचा रोग, म्हणजे अमायलूडिनियम, असेल तर इतका वेळही मिळत नाही. अंगावर सोनेरी धूळ, जोरजोरात चालणारे कल्ले, आणि दोन-चार दिवसांत टाकी रिकामी. मग फोन लावला की ठरलेलं वाक्य.

याचा एकच पुरावा, तो पिशवीत असतो. पिशवी उघडताक्षणी तिच्या पाण्याचा खारटपणा मोजा, तांब्याचं किट लावा आणि मीटर, पिशवी व तारीख एकाच फोटोत घ्या. १.०१८ आला तर मासा एकदम १.०२६ मध्ये टाकू नका. अंगातलं पाणी ओढलं जातं आणि मासा आतून सुकतो. वेगळ्या ४० लिटरच्या टाकीत, पिशवीएवढ्याच खारटपणात ठेवून रोज १ ते २ पीपीटीने चढवा. चार आठवडे तिथेच, स्पंज फिल्टर आणि लपायला प्लॅस्टिक पाइपचे तुकडे पुरतात. पिशवीतलं पाणी मुख्य टाकीत थेंबभरही जाऊ द्यायचं नाही. त्यातलं तांबं पुढे येणाऱ्या कोळंबीला आणि कोरलला मारतं.

लांबून कुरिअरने आलेल्या पिशवीबद्दल 'दोन तास थेंबथेंब पाणी सोडा' हा सल्ला दुकानातून हमखास मिळतो. तो घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच उतरतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दोन तास त्या पाण्यात म्हणजे दोन तास विषात. आधीच विक्रेत्याला खारटपणा विचारून क्वारंटाइन टाकी त्या आकड्यावर आणून ठेवा, पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मग लगेच मासा हलवा.

कोरल निळ्या दिव्याखाली विकलं जातं. निळ्यात सगळंच चमकतं, मरायला टेकलेलंही. किंबहुना ते जास्तच चमकतं. कोरलच्या पेशींतलं तपकिरी शेवाळ निघून गेलं तरी चमकणारी प्रथिनं काही काळ टिकतात. त्यामुळे 'निऑन' म्हणून जादा भावाने दिलेला तुकडा प्रत्यक्षात ब्लीच झालेला, उपाशी कोरल निघू शकतो. चार फ्रॅगपैकी दोन असेच होते. पांढरा दिवा लावायला सांगा. 'पांढऱ्यात कोरलला ताण येतो' असं उत्तर आलं तर त्यातच सगळं आलं. उरलेले दोन आदल्या दिवशी कापलेले. गोंद ओला, बुंध्याशी उघडा पांढरा सांगाडा. जुना फ्रॅग प्लगवर, म्हणजे तो बसवायच्या चकतीवर पसरून चिकटलेला असतो, मांस प्लगच्या कडेपर्यंत आलेलं असतं. बोटाने हलवला तर डुगडुगत नाही.

ॲनिमोनचा पिवळा रंग निसर्गाचा नव्हता. ही फसवणूक खूप जुनी आहे. आधी पांढरा पडलेला ॲनिमोन घेतात आणि खाण्याच्या रंगासारख्या रंगात बुडवतात. नैसर्गिक रंग बहुधा तपकिरी, मातकट किंवा हिरवट असतो, टोकांना गुलाबी-जांभळी छटा असू शकते. बुंध्यापासून टोकापर्यंत एकच भडक पिवळा किंवा गुलाबी दिसला तर तो रंगवलेला. दोन-तीन आठवड्यांत रंग उतरतो, खाली पांढरा ॲनिमोन उघडा पडतो आणि आकसत आकसत विरघळतो. विरघळताना टाकीभर घाण करतो ती वेगळीच. धडधाकट ॲनिमोनही सहा महिने मुरलेल्या टाकीतच आणायचा, आणि क्लाउनफिशला तो लागतोच असं मुळीच नाही.

दिव्यावरचे १६५ वॅट म्हणजे ३ वॅटचे ५५ एलईडी, असा कागदावरचा गुणाकार. प्लगला वॅटमीटर लावला की खरा आकडा दिसतो, आणि तो बराच खाली असतो. खरेदी करताना वॅट सोडून पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश विचारा, तोही पाण्याखाली, कोरल ठेवणार त्या खोलीवर मोजलेला. मऊ कोरलना ५० ते १०० पुरतो. काडीसारख्या फांद्यांच्या एसपीएस कोरलना २०० ते ३५० लागतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. सगळे टणक कोरल, जायंट क्लॅम आणि समुद्रघोडे हे सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणजे सीमेपलीकडून आणताना परवाना लागतो. देशाचे स्वतःचे कायदे याहून कडक असू शकतात, तिथे बाळगणंही गुन्हा ठरतो. 'घरीच वाढवलेलं आहे' हे तोंडी वाक्य तपासणीच्या वेळी कामाचं नसतं.

'जिवंत पोचवण्याची हमी' या सौद्यातही होती. तिच्या अटी बिलाच्या मागच्या बाजूला होत्या. दोन तासांच्या आत, न उघडलेल्या पिशवीचा फोटो. विकलेला कोणताच जीव दोन तासांत मरणारा नव्हता, म्हणून ही हमी द्यायला विक्रेत्याचं काहीच जात नाही. त्यापेक्षा बयाणा द्या आणि मासा दहा दिवस दुकानातच राहू द्या. दहाव्या दिवशी तो खाताना दिसला, कल्ले शांत चालत असले, तर उरलेले पैसे देऊन घेऊन जा. प्रामाणिक दुकानदार हे खुशीने करतो. ऑनलाइन घेणार असाल तर आजची तारीख हाताने लिहिलेला कागद टाकीसमोर धरून, पांढऱ्या दिव्यात काढलेला व्हिडिओ मागा. उचललेले फोटो वापरणारा इथेच गळतो.

पॅकेजबरोबर एक वस्तू फुकटही आली होती. एका फ्रॅगच्या बुडाशी नखाएवढा, तपकिरी, पारदर्शक फुलासारखा जीव, 'बेबी ॲनिमोन, आमच्याकडून भेट.' तो ऐप्टेशिया. डंख मारून शेजारच्या कोरलला जाळणारा, आणि खरवडला तर उरलेल्या प्रत्येक कणातून नवा उगवणारा तणच तो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट लापशी सुईच्या सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडतात, पंप बंद ठेवून, एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पीएच उसळतो. चाळिसाव्या दिवशी त्या टाकीत रंग उडालेल्या सिमेंटवर तो एकाचे अकरा झाला होता.